जुना पडदा आणि नवी पेटी

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली त्या आठवड्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले होते. ते नेवासें तालुक्यांतील शेतकरी. मुलाच्या अभ्यासाविषयीं बोलणें झाल्यावर ते उठतां उठतां थांबले व जरा संकोचानें म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञान शिकवतां म्हणून विचारतों. आमचा टीव्ही चांगला आहे कीं बिघडला आहे, एवढेंच मला सांगा."

हकीकत अशी होती. २०११ सालीं क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने चालू असतां त्यांच्या हातीं उसाचा हप्ता आला आणि त्यांनीं हा संच घेतला. २ एप्रिल रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर झालेला अंतिम सामना सबंध वस्तीनें त्याच पडद्यावर पाहिला. तेव्हांपासून संच एक दिवसही आजारी पडलेला नव्हता. या दिवाळीस पुण्यास नोकरी करणारा त्यांचा थोरला मुलगा घरीं येतांना एक नवी पेटी घेऊन आला. ही पेटी इंटरनेटवरून चित्रपट आणून दाखविते. पेटी जोडली, पडद्यावर चित्रपटांची नांवें व रंगीत चौकटी दिसूं लागल्या, सर्वांना आनंद झाला. परंतु एखादा चित्रपट निवडून सुरू करावा कीं पडदा काळाठिक्कर पडे आणि त्यावर इंग्रजींत एक ओळ येई. दुकानदारास विचारलें, तर "संच जुना झाला, आतां नवाच घ्या" असें उत्तर मिळालें. पण छपरावरील तबकडीच्या जुन्या पेटीचें चित्र त्याच संचावर पूर्वीसारखेंच लख्ख दिसत होतें! मग बिघडलें तें काय?

मीं त्यांस त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें घाईचें व अपुरें होतें. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत हाच प्रश्न उभा आहे असें नंतर दुसऱ्या पालकांशीं बोलतांना कळलें. कोणी चांगला संच अडगळींत टाकला, कोणी कर्ज काढून नवा घेतला. म्हणून तें उत्तर येथें सविस्तर लिहीत आहें. विद्यार्थ्यांस यांत थोडें गणितही सांपडेल.

प्रथम नक्कल म्हणजे काय तें पाहूं. आपल्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट कित्येकांच्या घरीं अजून असेल. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती काढीत गेलें म्हणजे चौथ्या-पांचव्या प्रतींत नवरदेवाचा चेहरा ओळखूं येईनासा होई. कॅसेटवर चित्र लहरींच्या रूपानें उमटलेलें असे आणि प्रत्येक नकलेच्या वेळीं त्या लहरींत थोडी अशुद्धि मिसळे. हस्तलिखित पोथ्या उतरवितांना लेखकांच्या हातून चुका वाढत जात, तसाच हा प्रकार. मालकाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही अशुद्धि म्हणजे निसर्गानें फुकट दिलेलें एक कुलूपच होतें.

अंकीय चित्राची गोष्ट अगदीं निराळी आहे. ज्यास आपण एच. डी. म्हणतों त्या पूर्ण स्पष्टतेच्या चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० असे वीस लक्षांहून अधिक बिंदु असतात. प्रत्येक बिंदूचा रंग शून्य व एक या दोनच अंकांनीं बनलेल्या २४ चिन्हांत सांगितला जातो. आणि असें चित्र सेकंदास ६० वेळां पाठविलें तर तारेंतून दर सेकंदास सुमारें तीनशें कोटि चिन्हें धांवतात. अंक कितीही वेळां उतरून घेतले तरी पांचाचे सहा होत नाहींत. हजारावी प्रत पहिलीइतकीच निर्मळ! चित्रपट काढणारांच्या पोटांत भीतीचा गोळा उठला तो यामुळें.

त्यांच्या भीतीस आपण हंसूं नये. जुन्या मराठी पुस्तकांत मुखपृष्ठामागें, सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें नोंद करून सर्व हक्क स्वाधीन ठेविले आहेत, अशा अर्थाची ओळ छापलेली असे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयांतील जुन्या कपाटांत अशीं पुस्तकें पुष्कळ आहेत, तीं पाहावींत. त्या ओळीनें चोर थांबत नसे. ती केवळ कायद्याची सूचना होती. उलट याच नगरांत १८४२ सालीं अमेरिकन मराठी मिशननें 'ज्ञानोदय' सुरू केलें, तेव्हां तें हातोहातीं जावें आणि एकाचें दहांनीं वाचावें हीच इच्छा असणार. छापील अक्षर पसरावें असें वाटणारे आणि आपल्या श्रमाचा मोबदला मिळावा असें वाटणारे, दोघेही आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. अंकीय चित्रांचे मालक मात्र सूचनेवर थांबले नाहींत. त्यांनीं तारेलाच कुलूप घातलें.

अमेरिकेंत स्पष्ट चित्रांचें प्रसारण १९९८ च्या नोव्हेंबर महिन्यांत सुरू झालें. त्या वेळच्या संचांत हें चित्र लहरींच्या रूपानें, हिरव्या, निळ्या व लाल तोंडांच्या तीन तारांनीं आंत येई. १९९९ सालीं संगणकाच्या पडद्यांसाठीं डी. व्ही. आय. नांवाची अंकीय जोडणी निघाली. पुढें सोनी, फिलिप्स, तोशिबा इत्यादि सात कंपन्यांनीं मिळून २००२ च्या डिसेंबरांत एच. डी. एम. आय. या जोडणीचे नियम प्रसिद्ध केले. आज संचाच्या पाठीमागें जी चपटी, दोन्ही कोपरे खालीं निमुळते झालेली खांच दिसते ती हीच. तींत १९ बारीक टांचण्या असतात. त्यांतील बऱ्याचशा चित्र व आवाज वाहून नेतात; परंतु १५ वी व १६ वी या दोन टांचण्या केवळ पेटी आणि संच यांच्या संभाषणासाठीं राखून ठेविल्या आहेत. आपण रिमोट दाबला म्हणजे चित्र लगेच येतें असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत त्याच्या आधीं त्या दोन टांचण्यांवरून बरीच प्रश्नोत्तरें होऊन गेलेलीं असतात.

या प्रश्नोत्तरांचा जो नियम, त्याचें नांव एच. डी. सी. पी. इंटेल कंपनीनें तो तयार केला व २००० सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली. पेटी संचास विचारते: तूं कोण? ओळख पटली तर चित्र कुलुपांत घालून पाठविते आणि संच आपल्या किल्लीनें तें उघडतो. ओळख पटली नाहीं तर चित्र पाठवीतच नाहीं.

पवित्र शास्त्रांत, शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत, यार्देन नदीच्या उतारांवरची गोष्ट आपण वाचली आहे. गिलादी लोकांनीं उतार रोखून धरले होते. पळून जाणारा एफ्राइमी मनुष्य आपण एफ्राइमी नाहीं असें सांगे, तेव्हां त्यास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावीत. त्याच्या जिभेस 'श' साधत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि पकडला जाई. किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीं विचारला जाणारा परवलीचा शब्दही याच जातीचा. पण परवलीच्या शब्दांत एक मोठा दोष आहे. तो मोठ्यानें उच्चारावा लागतो, आणि जो उच्चारला तो आडून ऐकणारासही कळला. तारेवर कान ठेवून बसणें तर फारच सोपें. तेव्हां प्रश्न असा कीं, एकमेकांस कधीं न भेटलेलीं, निरनिराळ्या कारखान्यांत जन्मलेलीं दोन यंत्रें, तिसरा ऐकत असतां, एक गुप्त संख्या ठरवूं शकतील काय?

ठरवूं शकतात. विद्यार्थ्यांनीं आतां कागद-पेन्सिल घ्यावी. परवाने देणाऱ्या कचेरीच्या तिजोरींत पुढील कोष्टक आहे अशी कल्पना करा. तें कोणासही दाखवीत नाहींत.

पहिली ओळ : ३  ८  ५  २
दुसरी ओळ : ८  १  ६  ९
तिसरी ओळ : ५  ६  ४  ७
चौथी ओळ : २  ९  ७  ५

या कोष्टकाची खुबी अशी कीं, तें आडवें वाचा किंवा उभें वाचा, तेच आंकडे निघतात. पहिली ओळ ३, ८, ५, २ आणि पहिला उभा रकानाही ३, ८, ५, २. बाकीचे रकाने पडताळून पाहावेत.

आतां एक पेटी तयार झाली. कचेरीनें तिला एक उघडी खूण दिली: 'पहिली व तिसरी'. ही खूण कोणीही पाहावी. त्याबरोबर कोष्टकांतील पहिल्या व तिसऱ्या ओळींची बेरीज करून आलेले चार आंकडे, म्हणजे ८, १४, ९, ९, तिच्या पोटांत गुप्तपणें कोरून ठेविले. ह्या तिच्या किल्ल्या. दुसऱ्या देशांत एक संच तयार झाला. त्याची उघडी खूण 'दुसरी व तिसरी', आणि त्याच्या किल्ल्या त्या दोन ओळींच्या बेरजा, म्हणजे १३, ७, १०, १६.

आपण दोघांना तारेनें जोडलें. पेटी म्हणते, "माझी खूण पहिली व तिसरी." संच म्हणतो, "माझी दुसरी व तिसरी." बस्स, एवढेंच बोलणें. पेटी आपल्या किल्ल्यांपैकीं दुसरी व तिसरी घेऊन बेरीज करते: १४ आणि ९ मिळून २३. संच आपल्या किल्ल्यांपैकीं पहिली व तिसरी घेऊन बेरीज करतो: १३ आणि १० मिळून २३. दोघांस तेवीस मिळाले, आणि तेवीस ही संख्या तारेंतून गेलीच नाहीं! आडून ऐकणारास फक्त खुणा ऐकूं आल्या. किल्ल्यांवांचून त्या खुणांचा त्यास कांहीं उपयोग नाहीं. मग तेवीस न उच्चारतां, त्यापासून हिशेबानें काढलेली दुसरीच एक संख्या संच सांगतो. पेटी ती आपल्या हिशेबाशीं ताडून पाहते, आणि जुळली म्हणजे दार उघडतें.

खऱ्या योजनेंत कोष्टक चार ओळींचें नसून चाळीस ओळींचें होतें. प्रत्येक यंत्रास चाळीस किल्ल्या, आणि प्रत्येक किल्ली म्हणजे शून्य व एक यांनीं लिहिलेली ५६ अंकी संख्या. उघडी खूण चाळीस घरांची, त्यांतील बरोबर वीस घरांत एक व वीस घरांत शून्य. अशा वेगवेगळ्या खुणा किती होतील? ज्यांनीं गणितांत निवडीचे नियम शिकले आहेत त्यांनीं काढून पाहावें. उत्तर सुमारें १३,७८५ कोटि येतें. कोणा कारखान्याची किल्ली चोरीस गेली तर तिची खूण काळ्या यादींत घालतात. ती यादी नव्या चित्रपटांच्या तबकड्यांबरोबरच घरोघर पोंचते, आणि पेटी त्या खुणेच्या यंत्रास पुढें दारांत उभें करीत नाहीं.

एकदां ओळख पटली म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. सुमारें दर दोन सेकंदांनीं पेटी पुन्हां संचास हटकते. तार सैल असली, वांकली असली किंवा फार लांब असली तर या हटकण्याचें उत्तर वेळेवर येत नाहीं, आणि चित्र मध्येंच नाहींसें होऊन पुन्हां उमटतें. पुष्कळजण यास संचाचा आजार समजतात व कारागिरास बोलावितात. आधीं तार बदलून पाहावी.

आतां नेवासें तालुक्यांतील त्या संचाकडे वळूं. २०११ सालचा तो संच, त्यास एच. डी. एम. आय.ची खांच होती आणि पहिल्या जातीच्या किल्ल्याही होत्या. म्हणजे त्याची ओळख पटावयास हरकत नव्हती. मग मीं त्यांच्या मुलास दुसऱ्या दिवशीं वर्गाबाहेर बोलावून पेटी कशी जोडली आहे त्याचें चित्र काढावयास सांगितलें. त्यानें वहीच्या मागील पानावर तें काढतांच उलगडा झाला. पेटीची तार सरळ संचांत गेलेली नव्हती. मध्यें एक चिमुकली डबी होती. तिला बाजारांत स्प्लिटर म्हणतात; एका तारेच्या ती दोन तारा करते. एक तार टीव्हीस आणि दुसरी आजोबांच्या खोलींतील संगणकाच्या जुन्या पडद्यास. आजोबांचे गुडघे दुखतात; त्यांना अंथरुणावर पडल्या पडल्या चित्रपट पाहतां यावा म्हणून थोरल्या नातवानें ही सोय केली होती. आजोबांचा तो पडदा डी. व्ही. आय.चा, कुलपाची पद्धत ज्यास ठाऊकच नाहीं असा.

नियम असा आहे कीं, मध्यस्थ डबीनें आपल्या मागें कोण कोण उभें आहे हें पेटीस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्यांतील एकाचीही ओळख पटली नाहीं तर पेटीनें माल देऊं नये. चित्रपटांच्या नांवांची यादी ही कोणाची मौल्यवान मालमत्ता नव्हे, म्हणून तेवढी बिनकुलपानें आली. खुद्द चित्रपट निघतांच पेटीनें हजेरी घेतली, आजोबांच्या पडद्याकडून उत्तर आलें नाहीं, आणि दोन्ही पडदे काळे झाले. तबकडीच्या जुन्या पेटीस हा प्रश्न पडलाच नाहीं, कारण ती लाल, पांढऱ्या व पिवळ्या तोंडांच्या तीन तारांनीं जोडलेली होती. त्या तारांतून साधें लहरीरूप चित्र जातें, आणि हें कुलूप त्या वाटेवर नसतें.

मुलानें घरीं जाऊन ती डबी काढून टाकली व तार सरळ संचांत लावली. चित्रपट चालू झाला. संच निर्दोष होता. सोबत्यामुळें तो दाराबाहेर राहिला होता. आजोबा आतां बाहेरच्या खोलींत येऊन बसतात असें समजतें.

प्रत्येक घरीं मात्र इतक्या सहज सुटका होत नाहीं, आणि त्याचें कारण समजण्यास या कुलपाचा पुढील इतिहास पाहिला पाहिजे. वरील चार ओळींच्या कोष्टकाकडे पुन्हां पाहा. एखाद्यानें चार निरनिराळीं यंत्रें फोडून त्यांच्या किल्ल्या मिळविल्या तर काय होईल? प्रत्येक किल्ली म्हणजे कोष्टकांतील आंकड्यांची बेरीज. म्हणजे तें एक समीकरणच. दहावीच्या वर्गांतील एकसामयिक समीकरणें सोडविण्याची रीत ज्यास येते त्यानें तीं सोडविलीं कीं तिजोरींतील सबंध कोष्टक त्याच्या हातीं आलें! खऱ्या कोष्टकास चाळीसच्या आसपास यंत्रें पुरतील, इतकाच फरक. २००१ सालींच क्रॉस्बी, गोल्डबर्ग, जॉन्सन, सॉंग व वॅग्नर या पांच संशोधकांनीं निबंध लिहून हें दाखवून दिलें होतें. नऊ वर्षांनीं, २०१० च्या सप्टेंबर महिन्यांत, तें मूळ कोष्टक कोणीतरी इंटरनेटवर उघडें केलें, आणि तें खरें असल्याचें इंटेल कंपनीनेंही मान्य केलें. नेवाशाच्या त्या गृहस्थांनीं आपला संच घेतला तो याच्यानंतर काहीं महिन्यांनीं. म्हणजे ज्या कुलपानें त्यांना अडविलें त्याची सर्व किल्ल्यांची किल्ली त्यापूर्वींच चव्हाट्यावर पडलेली होती. चोरास कुलूप मोकळें, मालकास बंद! मला या सर्व प्रकरणांत खटकतें तें हें.

पुढें नवें कुलूप निघालें. त्याची २.२ ही आवृत्ति एच. डी. एम. आय.साठीं २०१३ सालीं आली. तींत वरील बेरजांची युक्ति टाकून देऊन, बँकांच्या व्यवहारांत वापरतात तशा जातीचें बळकट गुप्तलेखन घेतलें आहे. शिवाय एक गमतीची परीक्षा ठेविली आहे. पेटीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आंत आलेंच पाहिजे. उशीर झाला तर समोरचा पडदा याच घरांत नसून दूर कोठेंतरी आहे असा संशय घेऊन पेटी दार लावून घेते.

जुनें व नवें कुलूप एकमेकांस ओळखत नाहींत. म्हणून नव्या पेट्यांत बहुधा दोन्ही ठेवितात. जुना संच समोर आला तर पेटी जुन्या भाषेंत बोलते. परंतु ज्यास फोर-के म्हणतात तें आडवें ३८४० व उभें २१६० बिंदूंचें चित्र जुन्या कुलुपाच्या संचास देऊं नये अशी खूण मालक आपल्या चित्रपटावर करूं शकतात. तसें असेल तर चांगली पेटी १०८० ओळींचें चित्र देऊन वेळ भागविते. आपला संच तितक्याच ओळींचा किंवा त्याहून कमी ओळींचा असल्यास त्यांत आपलें कांहीं गेलें नाहीं. ज्यांचें गेलें ते निराळे. २०१२-१३ च्या सुमारास ज्यांनीं सर्वांच्या आधीं, भरमसाट पैसे मोजून पहिले फोर-के संच घेतले, त्यांतील पुष्कळांच्या संचांत नव्या किल्ल्या नव्हत्या. पडदा फोर-के, पण कुलुपांतील फोर-के चित्रपट त्यावर यावयाचा नाहीं! त्यापूर्वीं अमेरिकेंत तीन तारांचे पहिले संच घेणारांचीही हीच गत झाली. तबकडी वाजविणाऱ्या ब्लू-रे यंत्रांच्या नियमांत असें ठरलें कीं, २०१० नंतर तयार होणाऱ्या यंत्रांनीं त्या तीन तारांतून अशा चित्रपटांचें स्पष्ट चित्र देऊं नये, आणि २०१३ नंतरच्या यंत्रांनीं तर कोणतेंच देऊं नये. हौसेनें आधीं घेतो तोच फसतो, असा हा व्यवहार आहे. कुलूप घालण्याचा मालकाचा हक्क मी मान्य करतों. पण कोणत्या वर्षीं कोणत्या किल्लीचा संच आपण विकीत आहों हें दुकानांत खोक्यावर ठळक मराठींत लिहिलेलें असावें. गिऱ्हाइकानें ओळींची संख्या विचारावी इतकें त्यास शिकविलेलें असतें, किल्लीचें नांवही त्याच्या कानावर घालीत नाहींत.

आतां घरोघरच्या व्यवहाराचें थोडें सांगतों. पडदा काळा पडला तर प्रथम मधल्या सर्व डब्या काढून पेटी सरळ संचास जोडावी. दोन्ही यंत्रांची वीज पूर्ण बंद करून, आधीं संच व मग पेटी चालू करावी. संभाषण अर्धवट तुटलेलें असेल तर तें नव्यानें सुरू होतें. संचास अशा दोन-तीन खांचा असल्यास प्रत्येकींत लावून पाहावें. कांहीं संचांत नव्या किल्ल्या एकाच खांचेस दिलेल्या असतात, आणि नेमक्या दुसऱ्याच खांचेंत आपण तार घालून बसलेलों असतों. नंतर पेटीच्या मांडणींत जाऊन चित्राच्या ओळी २१६० असतील तर १०८० कराव्यात, त्याही न चालल्या तर ७२०. आपल्याकडील दहा-बारा वर्षांपूर्वींच्या संचांत १३६६ गुणिलें ७६८ बिंदूंचे पडदे फार आहेत. त्यांस याहून मोठें चित्र पाठवून उपयोगही नाहीं. पेटीस लाल, पांढऱ्या व पिवळ्या तारांची सोय असेल तर तोही मार्ग आहे; चित्र थोडें मऊ दिसेल, पण दिसेल. एवढें सर्व करूनही पडदा काळाच राहिला तर संचाजवळ किल्ल्या नाहींत असें समजावें. मग त्या संचास फुकट वाहिन्यांच्या तबकडीवर किंवा घरच्या चित्रफितींवर ठेवावें आणि नव्या पेटीसाठीं पैसे जमतील तेव्हां दुसरा संच घ्यावा. घाई करूं नये.

बाजारांत कुलूप काढून टाकणाऱ्या डब्याही मिळतात असें विद्यार्थी मला हळूच सांगतात. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घातलें गेलें. मालकाचे हक्क बुडविण्याच्या हेतूनें असें संरक्षण मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. कायद्यानें ज्या गोष्टीस मनाई केलेली नाहीं तिच्यासाठीं कोणी काहीं केलें तर त्यास हें कलम आड येत नाहीं, अशी सवलतही त्याच कलमांत आहे. स्वतः विकत घेतलेला चित्रपट स्वतःच्या जुन्या पडद्यावर पाहणें या सवलतींत कितपत बसतें हा वकिलांचा विषय. शाळेच्या मुलांनीं त्या डब्यांच्या नादीं लागूं नये.

आमच्या सभागृहांतील मोठा पडदा अनेकांनीं पाहिला आहे. एका माजी विद्यार्थ्यानें तो शाळेस भेट दिला. त्यास डी. व्ही. आय.ची खांच आहे आणि किल्ल्या मुळींच नाहींत. गेल्या पावसाळ्यांत मुलांस एक चित्रपट दाखवावा म्हणून आम्हीं पैसे भरून तो घेतला, पेटी जोडली, आणि तीनशें मुलांसमोर पडदा काळा झाला. मुलें हंसलीं, मीही हंसलों. दुसरें काय करणार! पण स्नेहसंमेलनाच्या रात्रीं त्याच पडद्यावर आठवीच्या मुलांनीं भुईकोट किल्ल्याच्या सहलीची, आपल्या हातानें घेतलेली चित्रफीत दाखविली. संगणकापासून पडद्यापर्यंत सरळ तार होती. ती चित्रफीत मुलांच्या मालकीची. तीवर कोणीही कुलूप घातलेलें नव्हतें, म्हणून पेटीनें विचारावें असें कांहींच नव्हतें. खंदक, बुरूज आणि बुरुजावर टोप्या उडविणारीं मुलें शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ दिसलीं. आवाजासाठीं मात्र शेजारीं वेगळा कर्णा ठेवावा लागला, कारण त्या जुन्या खांचेंतून आवाज आंत जात नाहीं.